मदत हवी आहे: अपहाराच्या खटल्यात जुगाराचं व्यसन कसं मांडावं?

पतसंस्थेच्या रोखपालाने ऑनलाइन रमीपायी ठेवींचे पैसे वळवले. कलम भारतीय न्याय संहितेचं ३१६(४), म्हणजे नोकराने केलेला फौजदारी विश्वासघात. वेडसरपणाचा बचाव (कलम २२) सुचवू नका. खोट्या पावत्या फाडणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत होतं, असंच कोर्ट म्हणणार. भर शिक्षा कमी होण्यावर आहे.

खात्याचे उतारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३(४) च्या प्रमाणपत्रासह (इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून दाखल करायला लागतं ते) काढलेत. पगार जमा झाला की त्याच रात्री ॲपमध्ये भरणा, हरला की लगेच दुप्पट. आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) नुसार जुगाराच्या व्यसनाचं निदानही आहे, पण अटकेनंतरचं. सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. घर गहाण, त्यामुळे एकरकमी भरपाई अशक्य.

व्यसन गुन्ह्याआधीचंच, हे शिक्षेच्या सुनावणीत दाखवायला उतारे आणि बायकोची साक्ष पुरेल, की मानसोपचारतज्ज्ञाला साक्षीदार म्हणून तपासावंच लागेल?