निसर्ग केंद्रातली माणसं आणि प्राणी : तुमचे अनुभव लिहा

अबोली

सातवीत असताना आमची सहल माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेली होती. मिठी नदीच्या काठावरची ३७ एकर जागा, शेजारी धारावी. जिथे मुंबईचा कचरा टाकला जायचा त्याच जमिनीवर झाडं लावून हे उद्यान उभं राहिलं आणि १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. बाईंनी हे सगळं सांगितलं होतं, पण मला ते पटलं एका माळीमामांमुळे. ते रोपासाठी खड्डा खणत होते. हातभर खाली गेल्यावर माती संपली आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर लागला. मामांनी एक पिशवी ओढून काढली, झटकली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझ्या जन्माआधीची." मग त्याच खड्ड्यात त्यांनी करंजाचं रोप लावलं.

पुढे दुसऱ्या एका केंद्रात शाळकरी मुलांना फिरवायचं काम मी सहा वर्षं केलं. येणारे लोक झाडांची नावं विचारतात, फुलपाखरांचे फोटो काढतात. सकाळी साडेसहाला पायवाट कोण झाडतं, आजारी कासवाला चिमट्याने कोण भरवतं, रात्रपाळीच्या रखवालदाराला कुठल्या झाडावर कुठलं घुबड बसतं हे कसं ठाऊक असतं, हे कुणी विचारत नाही. प्राणीसुद्धा तिथे एका अर्थी कामालाच असतात असं मला वाटतं.

तर अशा माणसांबद्दल आणि प्राण्यांबद्दल इथे लिहा. प्राण्यांचं अनाथालय, कासवांची हॅचरी, हत्ती कॅम्प, परदेशातलं नेचर सेंटर, सगळं चालेल. तक्रारीचं काही असेल तर संस्थेचं नाव मात्र टाळा.

पैलतीर

धागा बघून लगेच लिहायला बसलो. मी ओहायोमधल्या एका छोट्या नेचर सेंटरमध्ये दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो. जखमेमुळे किंवा माणसाच्या सवयीमुळे जे पुन्हा रानात जगू शकणार नाहीत असे प्राणी इथे सांभाळतात आणि मुलांना भेटवतात. त्यांना 'ॲम्बॅसडर' म्हणतात. आमच्याकडे एक बार्ड आउल जातीचं घुबड आहे, मादी. गाडीची धडक बसून तिच्या डाव्या पंखाचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं. चार फुटांवर उडी मारते, त्यापलीकडे उडणं नाही.

पहिले सहा महिने मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. खाली घातलेले कागद बदलायचे, पाण्याचं भांडं घासायचं, दुसऱ्या दिवशीचे गोठवलेले उंदीर फ्रीझरमधून खाली काढून ठेवायचे. घरी अंडंसुद्धा न शिजवलेला मी, पहिल्या दिवशी त्या पिशवीकडे बघून पोटात ढवळलं. आता उंदराचं वजन हातानेच कळतं. तिचंही वजन रोज होतं. आठशे ग्रॅमच्या जवळपास असते. थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी वहीत त्याखाली रेघ ओढायची आणि कारण शोधायचं.

हे सगळं शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांचा एक नियम आहे. हातमोजा पुढे धरायचा आणि थांबायचं. ती आपणहून चढली तर कार्यक्रम, नाही चढली तर नाही. एकदा दोन बसभर मुलं बाहेर येऊन थांबली होती आणि ती फांदीवरून हलेना. बाईंनी तीनदा हात पुढे केला, मग शांतपणे दार लावून घेतलं आणि मुलांना जाऊन सांगितलं, "आज तिची इच्छा नाही." मुलांनी ते किती सहज मान्य केलं! कुरकुर केली ती बरोबरच्या मोठ्यांनी.

बाई मुलांना एक गोष्ट हमखास सांगतात. गाडीतून फेकलेला सफरचंदाचा गाभा खायला रस्त्याकडेला उंदीर येतो, उंदरामागे घुबड येतं, आणि घुबडाची नजर उंदरावर असताना गाडी येते. हे ऐकल्यापासून मी केळ्याचं सालही गाडीतच ठेवतो.

माझ्या मुलीला तिचं गळलेलं एक पीस हवं होतं. देता आलं नाही. इथे १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, त्याखाली असं पीसही परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही. मुलगी हिरमुसली, मग तिने त्या पिसाचं चित्र काढलं. ते आता घुबडाच्या खोलीच्या दारावर आहे.

देवराई

फार सुंदर लिहिलंत. घुबडाचं समजलं, पण अशा केंद्रांमध्ये धडधाकट कासवंही ठेवलेली बघितली आहेत. ती का सोडत नाहीत?

पैलतीर

@देवराई, आमच्याकडेही एक बॉक्स टर्टल आहे, तब्येतीने ठणठणीत. कुणीतरी रानातून उचलून आणून बरीच वर्षं घरात पाळलं आणि कंटाळा आल्यावर आणून दिलं. हे कासव जन्मभर एका छोट्याशा परिसरात राहतं. तिथलं पाणी, तिथली बोरं, थंडीत पुरून घ्यायची जागा त्याला पाठ असते. दुसरीकडे सोडलं की ते आपल्या जागेच्या शोधात चालत सुटतं, आणि वाटेत रस्ते असतात. हे कुठून उचललं ते आणणाऱ्याला सांगता येईना. म्हणून ते आमच्याकडे. ही कासवं पन्नास वर्षांच्या पुढेही जगतात. म्हणजे आम्हा सगळ्या स्वयंसेवकांनंतरही ते कामावर असेल.

सागवान

माझे वडील वनखात्यात होते, त्यामुळे लहानपणीचे काही महिने गडचिरोलीतल्या कमलापूरला काढले. तिथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. या हत्तींचं मूळ काम सागाचे ओंडके ओढायचं. यंत्रं आली, ते काम सरलं, हत्ती राहिले. आता लोक त्यांना बघायला येतात.

माहूत सगळ्यांना माहीत असतो. मला लिहायचंय ते चाराकटरबद्दल. हे खरंखुरं पद आहे. नावाप्रमाणे चारा कापायचा, आणि त्याशिवाय आंघोळ, तांदूळ शिजवणं, पायातले काटे बघणं, जे पडेल ते. संध्याकाळी हत्तींना जंगलात चरायला सोडतात, पायात लांब साखळी असते. सकाळी त्या साखळीच्या ओरखड्यावरून माग काढत जायचं. एका चाराकटरकाकांबरोबर मी एकदा गेलो होतो. दवाने भिजलेलं गवत एका रेषेत आडवं झालेलं होतं. वाटेत लीद दिसली की काका वाकून हात लावायचे. थंड असली की चालत राहायचे, कोमट लागली की पावलं हळू व्हायची. शेवटी बांबूच्या बेटातून कडाकड आवाज आला. मला वाटलं, आता हाक मारतील. ते खाली बसले आणि तंबाखू मळायला लागले. "खाऊन होऊ दे तिचं." अर्धा तास आम्ही तिच्या न्याहरीसाठी थांबलो.

हिवाळ्यात काही दिवस कॅम्प बंद ठेवून हत्तींना सुट्टी देतात, तेव्हा 'चोपिंग' चालतं. हिरडा, बेहडा, सुंठ आणि कितीतरी वनौषधी कुटून मोठ्या कढईत उकळायच्या आणि त्या गरम मिश्रणाने पायांना शेक द्यायचा. वर्षभर चालून तळव्यांना भेगा पडतात, त्या भरून येतात. सकाळच्या थंडीत कढईची वाफ, हत्तीच्या अंगाचा वास आणि सुंठेचा वास एकत्र यायचा. हत्तीण एकेक पाय आपणच पुढे करायची. पहिला शेक बसला की तिचे कान हलायचे थांबायचे. काकांच्या स्वतःच्या टाचा किती फुटलेल्या होत्या ते मला फार पुढे, मोठा झाल्यावर आठवलं.

केतकी

आमच्याकडे पिंजरा नाही, इमारतही नाही. समुद्रकिनाऱ्यावर कुंपण घातलेली वाळू, एवढंच केंद्र. मी वेळासची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये आमच्या गावात ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी खाल्ली जायची, विकली जायची, हे गावात कुणी लपवत नाही.

हंगामात कासवमित्र पहाटे अंधारात किनारा चालून काढतात. मादी रात्री येऊन गेली असेल तर ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसतो. मागाच्या टोकाशी काठीने वाळू हलकेच टोचत जायचं. काठी एकदम सैल गेली की खाली घरटं. शंभरएक अंडी निघतात. ती कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी हॅचरीत न्यायची आणि होती तेवढ्याच खोलीवर पुरायची, कारण वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. ४५ ते ६० दिवसांनी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली वळवळ.

एका पर्यटक बाईंनी पिल्लू तळहातावर घेऊन थेट पाण्यात सोडायचं म्हटलं, प्रेमानेच. आमचा कासवमित्र म्हणाला, "नको ताई, चालू दे तिला. मोठी झाली की अंडी घालायला हीच वाळू शोधायचीये." ताई हात मागे घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि पिल्लू लाटेत जाईपर्यंत उठल्या नाहीत.

उंबर

थोडक्यात लिहितो. आमच्या केंद्राच्या दारात सकाळी बुटाचा खोका सापडला, आत पोपट. पंख कातरलेले. पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे कळल्यावर लोक असेच रात्री आणून ठेवतात. हा दिवसभर "आई, चहा" म्हणायचा. डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, माणसांची बोली विसरू दे.

आमच्या सफाईच्या मावशींना हे सर्वांत जड गेलं. त्या झाडायला गेल्या की तो जाळीला चिकटून "आई" म्हणायचा आणि मावशी पदर तोंडावर धरून झाडत राहायच्या. कित्येक महिने त्यांनी त्याला एक शब्दही दिला नाही. नवी पिसं आली, मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर उडायला लागला, तसा त्यांच्यासारखाच ओरडायला लागला. सोडला त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. मुद्दामच, असं मला वाटतं.

मण्यार

उंबर, तुमचं वाचून गलबललं. आमच्या केंद्रातली नागपंचमी लिहिते.

त्या दिवशी गारुड्यांकडून जप्त केलेले नाग वनखात्याची माणसं आमच्याकडे आणायची. पहिल्या वर्षी सात आले. टोपल्या उघडल्या तेव्हा मला वाटलं हे नाग फार शांत आहेत. सरांनी भिंग हातात दिलं. ओठांवर बारीक दोऱ्याचे टाके होते. चावू नये म्हणून तोंड शिवलेलं. विषदंत आधीच मोडलेले. मोडले तरी सापाला नवे दात येतात, म्हणून पुन्हा पुन्हा मोडतात. तोंड आतून सडलेलं होतं.

एकाने डोकं धरायचं, एकाने अंगाला आधार द्यायचा, तिसऱ्याने टाके कापायचे. माझ्याकडे अंग होतं. नागाचं अंग गार आणि जड असतं असं वाचलं होतं. हा हलका होता, रिकाम्या पिशवीसारखा. टाके निघाल्यावर सरांनी पाण्याची वाटी पुढे ठेवली. तो प्यायला, आणि पीतच राहिला. लोक म्हणतात नाग दूध पितो. दूध सापाचं अन्नच नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला जीव समोर येईल ते पितो, आणि त्या दुधानेच पुढे आजारी पडतो. सातांपैकी तीन वाचले.

आमच्या केंद्रात एक धामण होती, पाठीचं हाड मोडलेली. शाळेतली मुलं आली की मी तिच्या काचेसमोर उभी राहून हे सगळं सांगायचे, वाटीसकट. मुलं घरी जाऊन आजीला सांगतात, यावर माझा भरवसा आहे.

खाडीकाठ

ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून रोहित (फ्लेमिंगो) बघायला बोट निघते. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. बोटीवरचा तांडेल कोळीवाड्यातला होता. लोक विचारत होते, दहाची वेळ का नाही, साडेआठची का. तो म्हणाला, "वेळ मी देत नाय, पाणी देतं." भरतीला बोट जाते पण चिखल बुडालेला, पक्षी दूर. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात चरत असतात पण बोट रुतणार. मधला तेवढाच वेळ त्याला साधायचा असतो. थवा दिसला तसं त्याने बरंच आधी इंजिन बंद केलं आणि बोट पाण्यावर सोडून दिली. पाऊण तासात एकही पक्षी आमच्यामुळे उडाला नाही.

सायली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझे बाबा एका बचाव केंद्रात किपर होते, बिबट्यांचे. वस्तीत शिरलेले, विहिरीत पडलेले, आईपासून ताटातूट झालेले बिबटे तिथे यायचे. जे परत सोडण्यासारखे नसत ते कायमचे राहायचे.

बाबांच्या कपड्यांना फिनेल आणि मांसाचा वास असायचा. शाळेत मला त्याची लाज वाटायची, हे आज लिहिताना घशाशी येतं. दाराजवळ जायच्या आधी ते खोकायचे. खराखुरा खोकला नव्हे, मीच आलोय हे सांगायला. प्राणी दचकला तर जाळीवर झेप घेतो, दात मोडतो, नखं उखडतात. घरी स्वयंपाकघरात येतानाही ते तसेच खोकायचे आणि आई न वळता चहा ओतायची.

एक म्हातारी मादी होती. सापळ्यात अडकून तिचा पुढचा पंजा गेला होता. नवीन माणूस दिसला की ती मागच्या अंधारात जाऊन बसायची, दोन-दोन दिवस खायची नाही. म्हणून बाबा रजा घ्यायचे नाहीत. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तिचं मांस टाकून मग आले. तेव्हा मी खूप भांडले होते.

सोमवारी बिबट्यांना उपास असतो. रानात रोज शिकार मिळत नाही, म्हणून पोटाला एक दिवस विश्रांती. बाबाही त्या दिवशी उपास करायचे. देवाधर्माचं काही नव्हतं. म्हणायचे, ती उपाशी बघत असताना डबा उघडवत नाही.

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मादी अजून आहे, त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा तिचं बघतो. रोज सकाळी नऊच्या सुमाराला त्याचा फोन येतो आणि बाबा एकच विचारतात, "खाल्लं?"

आता मधुमेह आहे, डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय. परवा सोमवारी मी साबुदाण्याची खिचडी करून समोर ठेवली, निदान एवढं तरी खा म्हटलं. त्यांनी ताटली बाजूला सरकवली. म्हणाले, "उद्या नऊला. तिचा सुटला की."