लक्षद्वीपची क्रूझ: बेट दिसलं, पण पाय लागला नाही

देवगडकरीण_डोंबिवली

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. शेवटी लिहितेय, कारण मला खरंच सल्ला हवा आहे.

एप्रिलच्या शेवटी आई-बाबांना घेऊन मुंबई–लक्षद्वीप–मुंबई अशी चार रात्रींची क्रूझ केली. बाबा 78 वर्षांचे, मूळचे देवगडचे. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. देवगडला बोट बाहेरच उभी राहायची, मग पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर. खलाशी पोरांना बखोटीला धरून खाली पडावात सोडायचे, ही गोष्ट आम्ही भावंडांनी शंभर वेळा ऐकली असेल. 'मरायच्या आधी एकदा बोटीत बसायचंय,' असं ते दोन वर्षं म्हणत होते. मी तेवढ्यासाठी बँकेत रिकरिंग लावलं. लक्षद्वीपला परवाना लागतो, त्यासाठी फोटो, आधार, फॉर्म सगळं पळून पळून केलं.

खिडकीवाल्या केबिनचे जास्त पैसे भरले होते. आत गेलो, पडदा सारला, तर समोर नारिंगी लाइफबोट टांगलेली. वरच्या कोपऱ्यात हातभर आकाश तेवढं दिसत होतं. बाबांनी खुर्ची ओढली आणि मान वाकडी करून पाणी कुठे दिसतंय का ते बघत बसले. मला ते बघवेना. काउंटरवर गेले तर म्हणाले, 'मॅडम, बुकिंगमध्ये लिहिलेलं आहे, मर्यादित दृश्य.' लिहिलेलं होतं, खरं आहे. चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. एजंटने तोंडाने एकदाही सांगितलं नाही.

जेवणाचं फार बोलत नाही. रांगा होत्या, आणि समुद्रावर चार दिवस राहून बाबांना धड मासा मिळाला नाही. रात्री एकपर्यंत डेकवर गाणी चालायची. आईला पहिल्याच रात्री बोट लागली, ती लिंबू हुंगत पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लक्षद्वीपच्या अगत्ती बेटासमोर आलो. बाबा सहालाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून डेकवर उभे. नारळांची एक लांब रेघ, तिच्या अलीकडे फिकट हिरवं पाणी, आणि आमच्या जहाजाखाली गडद निळं. स्वच्छ ऊन, वारा जवळजवळ नाहीच. साडेआठला घोषणा झाली की लाटांमुळे छोट्या बोटी लावता येत नाहीत, कोणीही उतरणार नाही. दुपारी जहाज वळलं. नारळांची रेघ दिसेनाशी होईपर्यंत बाबा कठड्याला धरून उभे होते. मला म्हणाले, 'असूदे गो, तुझी काय चूक?' त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

परत काय मिळालं, तर बेटावरच्या सहलीचे पैसे. बाकी काही नाही.

विचारायचं आहे ते असं: वारा नसताना खरंच उतरवता येत नाही, का त्यांनी वेळ वाचवला? दाद कुठे मागू? आणि बाबांना पुन्हा समुद्रावर कसं नेऊ?

दर्यावर्दी_रत्नागिरी

ताई, 31 वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो. कॅप्टनने बरोबर केलं. अगत्तीभोवती प्रवाळाची भिंत आहे, आत पाणी उथळ. मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, माणसं छोट्या बोटीत उतरवावी लागतात. तुम्ही ज्याला लाटा म्हणता ते स्वेल. ते तिथल्या वाऱ्याने उठत नाही. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी केरळ-लक्षद्वीपला पोचतात. वर निरभ्र आकाश, आणि खाली समुद्र श्वास घेतल्यासारखा वरखाली. केरळचे कोळी याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. जहाजाच्या दाराशी ती छोटी बोट माणसाएवढी वरखाली होत असेल तर 78 वर्षांच्या माणसाने पाय कुठे टाकायचा? तुमच्या बाबांना विचारा, पडावात उतरलेल्या माणसाला हे कळेल.

पण कंपनीला मी सोडणार नाही. हे स्वेल एप्रिल-मेमध्ये जास्त येतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे आधी देते. 'या महिन्यात उतरता येईलच असं नाही' हे तिकीट विकताना सांगायला हवं होतं. लक्षद्वीपच करायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, कोचीहून विमानाने अगत्ती. दीड तास लागतो.

वर्षा_ठाणे

मी ग्राहक चळवळीत काम करते. हवामानामुळे बेट रद्द झालं यावर भांडू नका, तिथे हराल. केबिनवर भांडा. 'खिडकी' म्हणून जास्त पैसे घेतले आणि समोर लाइफबोट. एजंटबरोबरचं व्हॉट्सअॅप पुसू नका, खिडकीचा फोटो असेल तर तारखेसकट जपा. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमची ठाण्यातच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं, पण थांबू नका.

वेंगुर्लेकर

बापाशीक दर्यार नेवक क्रूझ कित्याक व्हयी? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, 2020 पासून. तासाभराचा प्रवास, गाडी पोटात घालते, वर उघड्या डेकवर बसायचं. आमच्या आजीला दाखवली. ती वेंगुर्ल्याहून याच धक्क्यावर उतरायची, धक्का दिसल्यावर तिने हात जोडले. पुढे गाडीने गावाकडे जाणार असाल तर दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळच्या फेरीबोटीही घ्या. खाडी ओलांडताना बाबांना बोलतं करा, रेकॉर्ड करून ठेवा.

देवगडकरीण_डोंबिवली

दर्यावर्दी दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, 'कप्तान शहाणा होता.' कळ्ळक्कडल हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. देवगडला पडाव लावता आला नाही तर बोट तशीच पुढे मालवणला जायची आणि माणसं तिथून चालत परत यायची, हे त्यांनी मला आज पहिल्यांदा सांगितलं. मला ते माहीतच नव्हतं.

वर्षाताई, खिडकीचे तीन फोटो आहेत. मेल आज रात्री पाठवते.

वेंगुर्लेकर, रविवारच्या सकाळच्या फेरीची तीन तिकिटं काढली. आई आत्ताच लिंबं आणायला सांगतेय. बाबा विचारतायत, तुमची आजी कुठल्या साली उतरायची? कदाचित एकाच बोटीत असतील.