धावत्या वाहनांच्या स्थानांसाठी इंडेक्स कसा ठेवावा?

प्रश्न : आमची ६,००० वाहने दर ५ सेकंदांनी आपले स्थान पाठवतात. पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशावरील स्थानांसाठीची जोड) स्थानाच्या रकान्यावर जिस्ट इंडेक्स (स्थानानुसार नोंदी झटपट शोधून देणारी सूची) असूनही संध्याकाळपर्यंत ‘जवळची पाच वाहने’ ही क्वेरी रेंगाळू लागते. काय करावे?

उत्तर १ : म्हणजे सेकंदाला १,२०० अपडेट. इंडेक्स असलेला रकाना बदलला की पोस्टग्रेस ओळीची नवी प्रत लिहून इंडेक्समध्येही नवी नोंद करते, आणि जुन्या नोंदी व्हॅक्यूम (निरुपयोगी नोंदींची साफसफाई) होईपर्यंत पडून राहतात, म्हणून शोध मंदावतो. ताजे स्थान वेगळ्या, लहान टेबलात ठेवा आणि तिथे ऑटोव्हॅक्यूम (आपोआप होणारी साफसफाई) वारंवार चालू द्या.

उत्तर २ : संगणकशास्त्रज्ञ गटमन यांचा १९८४ चा आर-ट्री (जवळजवळच्या वस्तू आयतांत गटवणारी इंडेक्सची रचना) वस्तू स्थिर आहेत असे गृहीत धरतो. २००० साली मांडलेल्या टीपीआर-ट्री या त्याच्या सुधारित रूपामध्ये स्थानासोबत वेगही साठवतात, त्यामुळे वाहनाने अपेक्षित वाट सोडली तरच नोंद बदलावी लागते. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मात्र शहरात सिग्नलगणिक वेग बदलत असल्याने तिचा फायदा घटतो.

प्रश्नकर्ता : टेबल वेगळे करतो. एकसारखे मार्ग शोधायचे असतील तर?

उत्तर २ : दोन मार्ग किती वेगळे आहेत हे बिंदूंचा क्रम न पाहता मोजणारे हाउसडॉर्फ अंतर टाळा, एकाच रस्त्याने जाणारी आणि परतणारी फेरी त्यात जवळपास सारखीच ठरते. फ्रेशे अंतर हे दुसरे माप बिंदूंचा क्रम पाळते.