मदत हवी आहे: भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम, सोबत दोन लहान मुलं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेरीस भंडारदऱ्याला धरणाच्या पाण्याकाठी दोन रात्री तंबूत राहायचा विचार आहे. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि अडीच वर्षांचा मुलगा. ठाण्याहून कसारा घाट, घोटीमार्गे गाडीने येऊ. लेकीला कळसूबाई चढायचंय, पण १६४६ मीटर उंची आणि त्या लोखंडी शिड्या, धाकट्याला पाठीवर घेऊन ते मला नको वाटतं. त्यापेक्षा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर निवांत बघू.

खरी काळजी थंडीची आहे. गेल्या हिवाळ्यात माळशेजजवळ राहिलो तेव्हा पहाटे तंबू आतून ओला झाला, धाकटा कुडकुडत उठला आणि उरलेली रात्र गाडीत काढावी लागली. फार जीव खालीवर झाला होता.

जमिनीचा गारवा अडवायला खाली काय घालता? सतरंजीवर घोंगडी पुरते का? एवढ्या लहान मुलाला वेगळी स्लीपिंग बॅग द्यावी की कुशीतच घ्यावं? आणि मुक्कामाला शेंडीची बाजू बरी की रतनवाडीची? रात्री गरज पडली तर डॉक्टर कुठे जवळ मिळतील?

मुलांना घेऊन तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगा.