बॉडीलाइनवाला जार्डिन मुंबईचा?

सिलीपॉइंट: ॲशेसबद्दल, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेबद्दल वाचतोय. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन खरंच मुंबईत जन्मला? आणि बॉडीलाइन नक्की काय होती?

जुना स्कोअरर: हो रे, 1900 साली, मलबार हिलला. बॉडीलाइन म्हणजे लेगला, म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, क्षेत्ररक्षकांचा घोळका लावायचा आणि इंग्लंडचा वेगवान गोलंदाज लारवुडने फलंदाजाच्या अंगावर चेंडू आपटायचे. सगळा खटाटोप ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ब्रॅडमनला आवरायला! 1932-33ची मालिका इंग्लंडने 4-1 जिंकली, तरी ब्रॅडमनची सरासरी 56.57. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कप्तान वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला, प्रेक्षक भयंकर खवळले. कप्तान म्हणून जार्डिन बेरकी, माणूस म्हणून... जाऊ दे.

लेगबाय: पुढे तोच कप्तान म्हणून मुंबईत आला ना?

जुना स्कोअरर: डिसेंबर 1933, बॉम्बे जिमखाना, भारतातली पहिली कसोटी. हरलो, पण लाला अमरनाथने 118 ठोकले. लारवुड तेव्हा संघात नव्हता. तो पुन्हा कसोटी खेळलाच नाही आणि 1950मध्ये चक्क ऑस्ट्रेलियात राहायला गेला!