युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या जागांची रोड ट्रिप : प्लॅन बघा आणि बिनधास्त शिव्या घाला

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. सप्टेंबरमध्ये युरोपला जायचंय, मी, बायको, मुलगा (वय ११, रणगाड्यांचं वेड) आणि आई-बाबा. बाबा बेळगावच्या मराठा सेंटरमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, आता ७१ चालू आहे, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. त्यांना आयफेल टॉवर वगैरे काही बघायचं नाहीये, "लढाई झाली ती जमीन बघायचीय" एवढं एकच म्हणतात. तर मी यूट्यूब बघून बघून असा प्लॅन केलाय :

अॅमस्टरडॅमला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, आर्नेम (नेदरलँड्समधला तो लढाईचा पूल), तिथून बेल्जियममधलं बास्तोन, मग नॉर्मंडीचे बीच, मग बर्लिन आणि शेवटी ऑशवित्झ करून क्राकोवहून परत. एकूण १२ दिवस. गाडी मीच चालवणार, पुणे-सातारा-कोल्हापूर आयुष्यभर केलंय त्यामुळे ड्रायव्हिंगचं टेन्शन नाही. बजेट फार ताणायचं नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धुक्यातली_वाट
तुम्हीच शिव्या घाला म्हणालात म्हणून लिहिते :) मी जर्मनीत राहते, दर सुट्टीत गाडी काढून कुठेतरी जातोच. तुमचा प्लॅन म्हणजे नुसतं ड्रायव्हिंग आहे हो. नॉर्मंडीतलं काँ ते बर्लिन हेच साडेबाराशे किमीच्या आसपास आहे, तिथून ऑशवित्झ अजून साडेपाचशे. सगळं मिळून पावणेतीन हजार किमी, तेही १२ दिवसांत, त्यातले पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळावरच जाणार. बाबांचे गुडघे गाडीत दुमडून ठेवायला नेताय का?

दुसरं, नेदरलँड्समध्ये घेतलेली गाडी पोलंडमध्ये सोडायची म्हटली तर वन-वेचे पैसे एवढे लावतात की डोळे पांढरे होतील, आणि काही ठिकाणी देतच नाहीत.

तिसरं आणि महत्त्वाचं. ऑशवित्झचं म्युझियम स्वतःच सांगतं की १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नका. केसांचे ढीग, लहान मुलांच्या चपला, बॅगांवर लिहिलेली नावं. मी तिथून आल्यावर दोन दिवस नीट जेवले नव्हते. रणगाड्याच्या वेडापायी पोराला तिथे नेऊ नका, तो मोठा झाला की आपणहून जाईल. मोठ्यांना जायचंच असेल तर प्रवेशाचा स्लॉट आधी ऑनलाइन काढावा लागतो, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

मिसळसम्राट
नॉर्मंडी ठेवाच म्हणतो मी. बाकी सगळं उडवा, पाच दिवस तिथेच राहा. आरोमांशला ओहोटीची वेळ बघून जा, मलबेरी बंदराचे (दोस्त सैन्याने युद्धात उभारलेलं तात्पुरतं बंदर) काँक्रीटचे ठोकळे अजून पाण्यात उभे दिसतात, ओहोटीला त्यांच्यापर्यंत चालत जाता येतं. पोरगं खूश होईल. ओमाहा बीचच्या वर अमेरिकन दफनभूमी आहे, नऊ हजारांवर पांढरे क्रॉस, आणि खाली लोक पोहतायत. विचित्रच वाटतं.

बोलोन्याकर
धागा सकाळीच वाचला होता, ऑफिसमधून नीट लिहिता येईना म्हणून आत्ता जेवण उरकून बसलोय, त्यामुळे मोठा प्रतिसाद होणारे, माफी असावी.

कृष्णाकाठ, बाबा मराठा पलटणीतले आहेत आणि तुम्ही त्यांना नॉर्मंडीला नेताय? अहो, मराठा पलटणी लढल्या त्या इटलीत! पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक इथे होते, ४थी, ८वी आणि १०वी अशा तीन डिव्हिजन, आणि त्यातले ५,७८२ इथेच राहिले. इटलीच्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) दिले गेले त्यातले सहा भारतीय पलटणींना, आणि त्या सहांत दोघं आपले, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. घाडगे माणगावच्या बाजूचे, जाधव संगमनेरकडचे. दोघांच्याही जागा गाडीने एका रेषेत येतात.

मी असा रूट करीन. रोमला उतरा. गाडी दुसऱ्या दिवशी घ्या, रोममध्ये गाडी घेऊन फिरणं म्हणजे गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडला गाडी घालण्यासारखं आहे. पहिला टप्पा कासिनो, ए-१ हायवेने दीडेक तास. जानेवारी ते मे १९४४ अशा चार लढाया झाल्या तिथे. डोंगरावरचा मठ १५ फेब्रुवारीला बॉम्ब टाकून जमीनदोस्त केला, मेले ते आत आसऱ्याला आलेले साधे लोक, आणि जर्मन नंतर त्याच ढिगाऱ्यात येऊन बसले. मार्चमध्ये मठाच्या अगदी खालच्या एका सुळक्यावर गुरखे कितीतरी दिवस अडकून होते, वर विमानातून टाकलेलं रेशन अर्धं दरीत जायचं. शेवटी १८ मेला पोलिश पलटणीने वर झेंडा लावला. मठ पुन्हा जसाच्या तसा बांधलाय, दारापर्यंत गाडी जाते, गुडघ्यांना त्रास नाही. वर उभं राहिलं की खालची सगळी दरी दिसते आणि वर बसलेल्याला हुसकणं का जमत नव्हतं ते सुभेदारसाहेबांना कुणी समजवायची गरज पडणार नाही.

खाली गावाबाहेर कॉमनवेल्थची दफनभूमी आहे, तिथेच कासिनो मेमोरियल. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं हिरव्या संगमरवराच्या मोठ्या फळ्यांवर कोरलीत. यशवंत घाडगेंचं नाव तिथे आहे. जायच्या आधी वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून पॅनलचा नंबर लिहून घ्या, नाहीतर उन्हात शोधत बसाल.

मग ए-१ ने उलटं वर ओर्तेपर्यंत यायचं आणि तिथून ई-४५. टोल नाही पण रस्ता खड्ड्यांचा, कायम कुठेतरी काम चालू, घरच्यासारखं वाटेल. पेरुजा ओलांडून उंबेर्तिदेच्या जवळ टेकडीवर मोंटोने नावाचं छोटं गाव आहे. १० जुलै १९४४ ला घाडगे पडले ते याच भागात, टायबरच्या वरच्या खोऱ्यात. २०२३ च्या जुलैमध्ये गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. गाडी खाली पार्किंगला लावा, वर चढ आहे, बाबांना सावकाश न्या.

तिथून फ्लॉरेन्सकडे. आता हा किस्सा वाचा. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाची गढी आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात ८व्या डिव्हिजनमधले मराठे तिथे पोचले तर आतल्या दालनांत भिंतींना टेकवून उफित्सी म्युझियममधली चित्रं ठेवलेली, बॉम्बहल्ल्यात जायला नकोत म्हणून इटालियन लोकांनी आधीच हलवलेली. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' त्यात होतं! आणि त्यावर पहारा कुणाचा, तर मराठा पलटणीचा. उफित्सीत जाल तेव्हा त्या चित्रासमोर मुलाला हे सांगा, गाइड सांगणार नाही.

शेवटी डोंगर ओलांडून फाएंझा आणि फोर्ली. फोर्लीत फक्त भारतीय सैन्याची अशी वेगळी दफनभूमी आहे. मी दर वर्षी एकदा जातो. कबरी आहेत त्या बहुतेक मुसलमान सैनिकांच्या, हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला म्हणून त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर. जिथे हिंदू सैनिकाचा दगड असतो तिथे देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं. भिंतीत एक पितळी दाराचं कपाट असतं, आत रजिस्टर. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा नुसती आडनावं वाचत गेलो, शिंदे, मोरे, पवार, जाधव, आणि पुढे गावांची नावं, इंग्रज कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे मोठ्याने वाचल्याशिवाय कळतच नाही की हे आपलं कोरेगाव आहे. शेजारी एक इटालियन म्हातारी दुसऱ्या कबरीवरचं गवत काढत होती, ती माझ्याकडे बघायला लागली.

फोर्लीहून पाऊणेक तासावर सेनियो नदी. नदी कसली, आपल्याकडचा कॅनॉलच, पण दोन्हीकडे उंच मातीचे बांध आणि त्या बांधांत जर्मन मशीनगन्स. ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून, गोळीबारात अलीकडे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी घेतली, हाताला गोळी लागल्यावर हातबॉम्ब फेकून, आणि शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत बाकीच्यांना बोलावलं. ते वाचले, पुढे १९८४ पर्यंत होते. त्याच दिवशी त्याच नदीवर अली हैदर या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अल्फोन्सीने गावात सेनियोच्या लढाईचं म्युझियम आहे, छोटंसं आहे पण चांगलंय.

बोलोन्याहून परतीचं विमान. नऊ-दहा दिवसांत निवांत होतं.

मिसळसम्राट
माझे शब्द मागे घेतो. वाचनखूण साठवली.

टोलनाका
बोलोन्याकर भावनेत वाहून गेले, गाडीचं कुणीतरी बोलायला हवं. आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं, त्यातून शहाणपण :

आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना) काढाच. भारतातलं लायसन्स इंग्रजीत असलं तरी इटलीत आयडीपी लागतो, आरटीओत वर्षभराचा मिळतो. काउंटरवर विचारला नाही तरी पोलिसाने विचारला की गेलात.

झेडटीएल हा शब्द पाठ करा. जुन्या शहरांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा, अडवणारं कुणी नाही. आम्ही फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधताना एकाच गल्लीतून दोनदा गेलो. ट्रिप संपली, फोटो लावून झाले, लोक विसरले, आणि पाच महिन्यांनी पुण्यात पत्र. दोन दंड. शिवाय गाडीवाल्या कंपनीने आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कार्डातून वेगळे कापले, ते दोनदा. बायको अजून ऐकवते. फ्लॉरेन्सला बाहेर पार्क करा आणि ट्रामने आत जा.

टोलला पिवळी टेलिपासची लेन चुकूनही घेऊ नका, ती त्यांची फास्टॅग. मी घुसलो, दांडा उघडेना, मागे ट्रक. लाल बटण दाबलं तर भिंतीतून एक बाई इटालियनमध्ये बोलायला लागली, मी मराठीत उत्तर दिलं (खरंच, घाबरल्यावर तेच येतं तोंडात), शेवटी तिने एक पावती बाहेर ढकलली आणि दांडा उघडला, पैसे नंतर ऑनलाइन भरले. पांढरी किंवा निळी पाटी बघून घुसायचं, निळीला फक्त कार्ड.

हायवेला १३०, पाऊस असेल तर ११०. सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारायची आपली युक्ती चालत नाही. आणि पाच जणांना सात सीटर घेताय तर लक्षात ठेवा, मागच्या सीट उघडल्या की डिकी उरत नाही, बॅगा कमी न्या. काचेतून दिसेल असं सामान गाडीत ठेवून दफनभूमीत जाऊ नका, फोडतात.

धुक्यातली_वाट
+१. अवांतर : बोलोन्याकर, पूर्वेकडचा सांग्रो का गाळला? नोव्हेंबर १९४३ ला ८वी डिव्हिजन तिथेच नदी ओलांडून गेली, आणि सांग्रोच्या दफनभूमीत पाचशेच्या वर भारतीयांचं स्मारक आहे. जागा तर इतकी सुंदर, टेकडीवरून समुद्र दिसतो.

बोलोन्याकर
मुद्दाम गाळला ताई. कासिनोहून सांग्रोला जायचं म्हणजे अख्खा डोंगर आडवा पार करायचा, वळणंच वळणं, आणि तिथून मोंटोनेला परत लांबचा फेरा. दोन दिवस जातात. एकट्या माणसाने जरूर जावं, म्हातारे आई-बाबा आणि लेकरू मागे असताना नाही. त्यापेक्षा आरेझ्झोला थांबा, तिथेही भारतीय सैनिकांचं स्मारक आहे आणि वाटेवर आहे.

कृष्णाकाठ
काय लिहू तेच कळत नाहीये. काल रात्री धागा बाबांना वाचून दाखवला. घाडगेंचं नाव घेतल्याबरोबर त्यांनीच पुढचं सांगायला सुरुवात केली, सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटेच राहिले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गन नळीकडून धरून फिरवली, वय २२. म्हणाले सेंटरला प्रत्येक बॅचच्या रिक्रूटांना मी हे सांगायचो. माणगावचा पुतळा तर कोकणात जाता-येता एसटीतून कितीदा बघितलाय म्हणे. मी म्हटलं मग बाबा, बोलला का नाहीत? तर म्हणे "तू विचारलंस कुठं, तू व्हिडिओ बघत होतास." मग लॅपटॉपवर मोंटोने काढून दाखवलं तर चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाले "एवढं वर? मला वाटलं कासिनोलाच."

तर नॉर्मंडी, बर्लिन सगळं रद्द. रोम २, कासिनो १, मोंटोने १, आरेझ्झोवरून फ्लॉरेन्स ३, फोर्ली-सेनियो २, बोलोन्याहून परत. पोरगं थोडं नाराज आहे, रणगाडे किती दिसतील विचारतंय. शेवटचा प्रश्न आईचा : तिचा गुरुवार असतो, तिकडे उपासाचं काय मिळेल? आणि बाबांना मोंटोनेच्या लोकांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचेत.

बोलोन्याकर
पेढे नका आणू, बाहेरून ईयूत दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून फेकतील आणि सुभेदारसाहेब तिथेच लढाई सुरू करतील. तीळगूळ किंवा चिक्की चालेल. रोमला टर्मिनी स्टेशनजवळ एस्क्विलिनो भागात बांगलादेशी किराणा दुकानं आहेत, तिथे साबुदाणा बघा, नाहीतर उकडलेला बटाटा आणि फळं कुठेही मिळतात. दाण्याचं कूट मात्र घरूनच आणा. फोर्लीला कुठल्या दिवशी येताय ते व्यनि (खासगी निरोप) करा, शनिवार-रविवार असेल तर मी येतो.