मदत हवी आहे: पिकाच्या राखणीसाठी आणि जागलीसाठी ४१० बोअरची बंदूक ठेवावी की बदलावी?

नमस्कार मंडळी,

चिमूर तालुक्यात ताडोबाच्या बफर क्षेत्राच्या (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या) कडेला आमचे वावर आहे. खरिपात धान आणि सोयाबीन, धुऱ्यावर तूर, आणि रब्बीत हरभरा व लाखोळी अशी पिके आम्ही घेतो. डुकरांचा त्रास या भागातील कोणत्याही शेतकऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. धान निसवल्यावर एखादा कळप बांधीत (धानाच्या वाफ्यात) शिरला की तो खातो थोडे आणि लोळून नासवतो जास्त. सकाळी पाहावे तर लोंब्या चिखलात दाबलेल्या आणि बांधीची पाळ नाकाडाने उकरून फोडलेली. त्यामुळे कापणीपर्यंत घरातील कोणी ना कोणी माळ्यावर (मचाणावर) रात्रीच्या जागलीला असतेच.

आमच्या घरी आजोबांच्या काळापासून एक इंग्रजी बनावटीची एकनळी ४१० बोअरची बंदूक आहे. नळी खाली झुकवून एक काडतूस भरायचे, अशी साधी रचना. कुंद्याला (लाकडी दस्त्याला) मानेपाशी जुनी चीर असून तिथे तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली आहे, परंतु नळी आतून स्वच्छ आहे आणि चापही व्यवस्थित चालतो. परवाना वडिलांच्या नावावर, पीकसंरक्षणासाठी आहे. वडिलांनी नुकतीच सत्तरी ओलांडली असून परवाना माझ्या नावावर करून घ्यावा असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तेव्हाच हा प्रश्न निर्माण झाला की एवढी धावपळ करायचीच असेल तर ती याच बंदुकीसाठी करावी, की ही देऊन बारा बोअर घ्यावी.

४१० च्या बाजूने मला दिसणाऱ्या गोष्टी अशा आहेत. ती बारा बोअरपेक्षा बरीच हलकी आहे, माळ्याच्या शिडीवरून खांद्याला अडकवून सहज नेता येते आणि धक्का जवळजवळ जाणवत नाही. अमेरिकेतील लोकांचे काही व्हिडिओ मी पाहिले, त्यांत या बोअरला जंगलातील मुक्कामासाठी उत्तम बंदूक म्हटलेले आहे. तिथल्या हवाई दलाने विमान कोसळल्यास वैमानिकाजवळ असावी म्हणून दिलेल्या एम-६ या घडीच्या बंदुकीतही खालची नळी ४१० चीच होती, असे समजले. आपल्याकडील जागल म्हणजे एका अर्थाने मुक्कामच, म्हणून हे मत इथेही लागू पडेल काय, अशी शंका मनात आली. दुसरीकडे, नागपूरच्या एका दुकानदाराने बंदूक न पाहताच ‘ती पोरांची बंदूक आहे, काढून टाका’ असे सांगितले, आणि त्याला बारा बोअर विकायची असल्यामुळे त्याच्या सल्ल्यावर मी पूर्ण विश्वास ठेवू शकत नाही.

तरी जाणकारांनी सांगावे की वन विभागाची रीतसर परवानगी मिळाल्यास ही बंदूक पूर्ण वाढलेल्या डुकरासाठी पुरेशी ठरेल काय, आणि रात्री माळ्यावर केवळ जवळ असावी म्हणून तिचा काही उपयोग आहे काय. बेकायदा शिकारीबद्दल मी विचारत नाही आणि तसे सल्ले कृपया देऊ नयेत.

प्रतिसाद : जुना नेमबाज

दुकानदाराचा हेतू काहीही असो, निष्कर्ष त्याचा बरोबर आहे. कारण मात्र त्याने सांगितले नाही, ते मी सांगतो.

बारा, सोळा, वीस हे आकडे म्हणजे नळीच्या मापाच्या किती शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड होतो त्याची संख्या असते, म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. ४१० हा मात्र सरळ इंचातील व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे सुमारे साडेदहा मिलिमीटर. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरची असते. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तीस ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, तर ४१० च्या अडीच इंची काडतुसात जेमतेम चौदा ग्रॅम आणि तीन इंचीत एकोणीस-वीस ग्रॅम मावतात. बारीक छर्ऱ्यांनी लहान पक्षी किंवा ससा मारायचा असेल तर वीस-पंचवीस मीटरपर्यंत हा माल पुरतो, आणि विलायतेत बागेतील उंदीर-सशांसाठी ही बंदूक वापरली जात असे ती याच कारणाने.

डुकराची गोष्ट वेगळी आहे. मोठे छर्रे या अरुंद नळीत शेजारी-शेजारी बसूच शकत नाहीत, एकावर एक रचावे लागतात, त्यामुळे ते तीन ते पाचच मावतात. बारा बोअरच्या एस.जी. (मोठ्या छर्ऱ्यांच्या) काडतुसात आठ-नऊ असतात. एकगोळी काडतूस घेतले तर ४१० ची गोळी सहा ग्रॅमच्याही आतली आणि बारा बोअरची अठ्ठावीस ग्रॅमची. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन क्विंटलच्या घरात जाते आणि त्याच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. सहा ग्रॅमची गोळी तिथे अडली किंवा तिरकी गेली तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुरीत शिरते, आणि सकाळी त्या तुरीत निंदायला कोण जाणार आहे याचा विचार करावा. अत्यंत जवळून, स्थिर जनावरावर, नेमक्या जागी गोळी बसली तर ४१० नेही डुक्कर पडते हे मी नाकारत नाही. परंतु माळ्यावरून, रात्री, बॅटरीच्या उजेडात आणि एकाच नळीच्या भरवशावर ही अट पाळली जाईल असे मला वाटत नाही. रोह्याचे (नीलगायीचे) तर नावच काढू नये, त्याचा नर दोन क्विंटलच्या पुढे असतो.

एम-६ बद्दल आपण लिहिले ते खरे आहे, परंतु तिचा हेतू ध्यानात घ्यावा. उपाशी वैमानिकाने मदत येईपर्यंत ससा, खार, पक्षी मारून पोट भरावे एवढ्यासाठी ती होती. तिकडे मुक्कामाची बंदूक म्हणतात ती याच अर्थाने.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बंदूक आजोबांच्या काळातील आहे, तेव्हा काडतूस बसते तो तिचा खाना किती लांबीचा आहे हे नळीच्या बुडाशी असलेल्या खुणा पाहून, शंका असल्यास परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावे. जुन्या इंग्रजी ४१० चे खाने दोन किंवा अडीच इंचांचे असत. न उडवलेले तीन इंची काडतूस अशा खान्यात बऱ्याचदा आरामात बसते, कारण त्याचे तोंड मिटलेले असते. उडताना मात्र ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम वाढतो. पूर्वी पोलिसांसाठी ईशापूरच्या कारखान्यात ३०३ रायफली बदलून ४१० ची मस्केट केलेली असे, तिचे काडतूस तर निराळेच, ३०३ च्या पितळी कवचाचे; नावात ४१० आहे म्हणून ते आपल्या बंदुकीत चालत नाही. मानेपाशी तार गुंडाळलेल्या कुंद्याने बार काढू नये हे वेगळे सांगायला नको, परंतु सांगतो.

प्रतिसाद : निवृत्त वनपाल

वरील प्रतिसाद वाचला. कायद्याची बाजू मी मांडतो, कारण तिच्यावरच या प्रश्नाचा निकाल लागतो असे माझे मत आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला मनाई आहे. ससा, तित्तर, लावा, मोर यांपैकी काहीही मारता येत नाही, आणि ४१० ची खरी योग्यता याच लहान शिकारीची आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, आणि ही जनावरे तर वर नेमबाजांनी दाखवल्याप्रमाणे ४१० च्या आवाक्याबाहेरची आहेत. म्हणजे जे काम ही बंदूक नीट करते त्याला परवानगी नाही, आणि ज्याला परवानगी मिळू शकते ते तिच्याने नीट होत नाही. परवानगीने मारलेले डुक्करही कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता असते, घरी नेता येत नाही. हे गावात अनेकांना ठाऊक नसते आणि मग आपल्याच बाजूचा शेतकरी गुन्ह्यात अडकतो.

आता आपल्या ठिकाणाबद्दल. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपल्या नावाची नोंद वन्यजीव विभागाकडे करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवीन शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही; ही कलम ३४ ची तरतूद आहे आणि राष्ट्रीय उद्यानालाही ती लागू आहे. अंतर बफरच्या सीमेपासून नव्हे, तर अंधारी अभयारण्य किंवा ताडोबा राष्ट्रीय उद्यान यांच्या सीमेपासून मोजले जाईल. आपले गाव त्या दहा किलोमीटरांत येते काय, हे प्रथम पाहावे. येत असेल तर घाईने जुनी बंदूक आणि परवाना जमा करून ‘नंतर बारा बोअरसाठी अर्ज करू’ असे म्हणू नये, कारण तो ‘नंतर’ फार लांबू शकतो.

वारसाबाबत शस्त्र नियम, २०१६ आपल्या बाजूचे आहेत. परवानाधारकाचे वय सत्तर झाले असेल, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा आणि शस्त्राचा प्रकार बदलण्याची विनंती त्याच वेळी लेखी मांडून उत्तर घ्यावे. तोपर्यंत एक पथ्य पाळावे: परवाना फक्त वडिलांच्या नावावर असताना ती बंदूक घेऊन आपण किंवा सालगड्याने माळ्यावर बसणे हा गुन्हा आहे, मग वावर घरचे का असेना.

प्रतिसाद : तळोधीकर

भाऊ, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही म्हणून लिहितो. जागलीवर रात्री भीती डुकरापेक्षा वाघाची आणि अस्वलाची असते, आणि तिथे ४१० जवळ असणे म्हणजे खोटा धीर आहे. बारा बोअरही फार वेगळी नाही, कारण अंधारात वीस पावलांवरून येणारे अस्वल दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लागत नाही. जीव वाचवण्यासाठी केलेला वार कायद्याने गुन्हा ठरत नाही हे खरे, परंतु त्या भरवशावर कोणी माळ्यावरून खाली उतरू नये. आमच्याकडे आम्ही माळा उंच केला, शिडी रात्री वर ओढून घेतो, दोघांशिवाय जागलीला जात नाही आणि सौर झटका मशीनचे कुंपण केले आहे. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते, ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे चौकशी करावी. थेट लाइनचा करंट तारेत सोडण्याचा सल्ला गावात कोणी दिला तर ऐकू नये. त्यात डुकराआधी शेजारी मरतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. नकाशावर पाहिले असता आमचे गाव दहा किलोमीटरच्या आत येते, त्यामुळे वनपालसाहेबांनी सांगितलेला क्रम मी पाळणार आहे. वडिलांच्या परवान्याची वन्यजीव विभागाकडे नोंद झाली होती काय, हे जुन्या कागदांतून शोधतो आहे. जागलीसाठी बंदुकीचा विचार सोडला असून कुंपणाच्या अर्जाची माहिती घ्यायला उद्या समितीच्या अध्यक्षांकडे जाईन.

एकच गोष्ट राहिली. खुणा पाहिल्या तेव्हा नळीच्या बुडाशी अडीच इंचांचा आकडा स्पष्ट वाचता आला. बारा बोअरला संमती मिळालीच, तर या ४१० चे काय करावे? वडिलांचा तिच्यावर जीव आहे.

प्रतिसाद : जुना नेमबाज

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोन शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा दोन्ही एकाच परवान्यावर मागून पाहण्यास हरकत नाही. मात्र दुसऱ्या शस्त्राची गरज काय असे विचारले जाईल, आणि ‘वडिलांचा जीव आहे’ हे त्याचे उत्तर कागदावर चालणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घेणे, आणि रीतसर परवाना असलेला घेणारा मिळाल्यावर परवानगीने विकणे. फार किंमत येईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण तिची काडतुसे आपल्याकडे बारा बोअरइतकी सहज मिळत नाहीत. जमा करण्यापूर्वी नळीवरचा क्रमांक, खुणा आणि कुंद्याची ती तार यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत, म्हणजे पावतीवरील वर्णनाशी ताळा करता येतो.